टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांतील सदोष नियम

फासे आणि संवाद यांच्या आधारे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांत ज्या नियमाचा अर्थ नीट लागत नाही, किंवा अर्थ लागूनही ज्याचा परिणाम नियमकर्त्याच्या हेतूच्या विरुद्ध जातो, तो सदोष नियम. बुद्धिबळात नियमाबाहेरची चाल नसतेच. इथे मात्र एखाद्या पात्राची भूमिका घेतलेला खेळाडू ‘मी झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो’ असे काहीही म्हणू शकतो, आणि त्याचे काय होते ते पुस्तकाच्या आधारे ठरवावे लागते. किचकट नियम आणि सदोष नियम यांची नेहमी गल्लत होते. किचकट नियम सवयीने सोपा होतो. सदोष नियमाची खोड मात्र तो नीट पाठ झाल्यावरच कळते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचात आला, तेव्हापासूनच हा प्रश्न आहे. त्या संचाने लढाईसाठी ‘चेनमेल’ हा १९७१ चा युद्धखेळ वाचकाकडे आहे असे गृहीत धरले होते, आणि वीस बाजूंच्या फाशाची पद्धत पर्याय म्हणून दिली होती. पुढे हा पर्यायच रूढ झाला.

सर्वात बदनाम उदाहरण थॅकोचे, म्हणजे शून्य चिलखतावर वार लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर पाडाव्या लागणाऱ्या आकड्याचे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका लहान तितके संरक्षण जास्त, आणि उत्तम चिलखत शून्याच्याही खाली जाई. थॅको १७ असलेल्या योद्ध्याला उणे २ चिलखतावर वार करायचा तर १७ मधून उणे २ वजा करून १९ पाडावे लागत. जादूचे ‘अधिक एक’ चिलखत चढवले की आकडा एकने घटायचा. खरे तर या पद्धतीत गणिताची चूक काहीच नाही, तिला सदोष म्हणणे अन्यायाचे आहे. तिची मांडणी उलटी होती, एवढेच. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने आकड्याची दिशा फिरवली आणि वाद मिटला.

खरे दोष संभाव्यतेत लपतात, कारण ते वाचून दिसत नाहीत. ‘शॅडोरन’च्या पहिल्या तीन आवृत्त्यांत सहा बाजूंच्या फाशावर सहा पडले की तो पुन्हा टाकून बेरीज करायची. दुसऱ्या फेकीत किमान एक तर पडणारच, म्हणून सहाचे लक्ष्य गाठणे आणि सातचे गाठणे यांची शक्यता तंतोतंत एकच होती. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’मध्ये कौशल्य जितके जास्त तितके दहा बाजूंचे फासे जास्त, काठिण्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा आकडा पडला की तो फासा यशस्वी, आणि यशस्वी फाशांपेक्षा एक्के अधिक पडले तर मोठी फजिती, तिला बॉच म्हणत. काठिण्य दहा असेल तर एका फाशाने फजितीची शक्यता १० टक्के, दोन फाशांनी १७, तिनाने २२. यशही त्याच प्रमाणात वाढते, हे खरे. पण नवख्यापेक्षा जाणकाराचीच फजिती जास्त वेळा होते, हे कुणालाच पटणारे नाही. १९९८ च्या सुधारित आवृत्तीने ‘एकही फासा यशस्वी असेल तर बॉच नाही’ असे ठरवले, तरी दहाच्या काठिण्यावर ही टक्केवारी जवळजवळ तशीच राहते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीतले कौशल्य-आव्हान, म्हणजे कौशल्याच्या अनेक फेकींनी चमूने मिळून पार पाडायची कामगिरी, हा या सगळ्यातला सर्वात शिकवणारा नमुना आहे. सोप्या आव्हानात दोन अपयशे येण्याआधी चार यशे मिळवायची, सर्वात गुंतागुंतीच्या आव्हानात सहा अपयशांआधी बारा. प्रमाण सारखेच, म्हणून तक्ता निर्दोष वाटतो. पण प्रत्येक फेकीत यशाची शक्यता ६० टक्के धरली तर चार-दोनचे आव्हान जेमतेम ३४ टक्के वेळा पार पडते. शक्यता ८० टक्क्यांवर नेली की चार-दोन ७४ टक्के वेळा जमते, आणि बारा-सहा ८९ टक्के वेळा! म्हणजे निष्णात चमूला अवघड आव्हान सोप्यापेक्षा सोपे. त्याच वर्षी निघालेल्या दुरुस्तीपत्रकात अपयशांची मर्यादा सगळीकडे तीन केली गेली आणि काठिण्याचे आकडे खाली आणले गेले.

काही दोष मौनाचे असतात. याच खेळाच्या २००३ च्या ‘साडेतीन’ (३.५) आवृत्तीत ‘मृत’ या अवस्थेच्या वर्णनात आत्मा देह सोडतो, उपचार लागू पडत नाहीत, असे सारे आहे. मृत व्यक्तीला कृती करता येत नाही, एवढेच लिहायचे राहिले. त्याच पुस्तकात बुडणाऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीवनशक्तीचे गुण, शून्य होतात. मग उणे आठवर मरणासन्न पडलेल्या सोबत्याला पाण्यात बुडवले तर तो अक्षरशः सुधारतो. तिथून त्याला बाहेर कसे काढायचे, ते मात्र नियम सांगत नाही.

अशा वेळी ‘डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडा देणारा) सांभाळून घेईल’ असे सांगितले जाते. चांगला डीएम घेतोही, आणि गटाचे हाउस रूल, म्हणजे त्या गटापुरते घरचे नियम, त्यातूनच बनतात. पण टेबलावर दुरुस्त करावा लागला म्हणजे पुस्तकातला नियम बरोबर होता असे होत नाही. उलट ती दुरुस्ती हाच दोषाचा पुरावा आहे. पहिल्यांदाच डीएम झालेल्याकडे तर पुस्तकाशिवाय दुसरा आधारही नसतो.

शब्द आणि हेतू यांतली ओढाताण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या अदृश्यतेत नेमकी दिसते. अदृश्य जीवाला वार करताना लाभ (दोन फेकींतली मोठी घ्यायची) आणि त्याच्यावर वार करणाऱ्याला तोटा (लहान घ्यायची), असा तो नियम. समोरच्याकडे अदृश्य वस्तू पाहण्याचा मंत्र असला तरी नियमाच्या शब्दांनुसार लाभ आणि तोटा दोन्ही कायम राहतात, कारण ते ‘दिसत नाही’ याला जोडलेले नाहीत, ‘अदृश्य’ या अवस्थेच्या नावाला जोडलेले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत पाहू शकणाऱ्यापुढे हा फायदा मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सहा सेकंदांच्या एका फेरीत माणसांची रांग हातोहात भाला पुढे देत त्याला प्रकाशाच्या वेगापर्यंत नेऊ शकते, या जुन्या युक्तिवादालाही त्याच वर्षीच्या डंजन मास्टरच्या पुस्तकाने नकार दिला: खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.