प्रोटॉन फोडून आतले तुकडे मोजतात? नाही हो!
एलएचसीमधे (लार्ज हॅड्रॉन कोलायडर, कणांच्या टकरी घडवणारं महाकाय यंत्र) प्रोटॉनवर प्रोटॉन आपटून आतले तुकडे मोजतात, हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय, पण तसं नाहीये. टकरीतून बी मेसॉन नावाचा कण निघतो त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या पाचपटीहून जास्त, मग तो प्रोटॉनचा तुकडा कसा असेल? बहुतेक हॅड्रॉन (क्वार्क या मूलकणांपासून बनलेले प्रोटॉन, मेसॉनसारखे कण) टकरीच्या ऊर्जेतून तिथल्या तिथे नवीन तयार होतात, सगळ्यात जास्त पायॉन नावाचे हलके मेसॉन. सुटा क्वार्क तर डिटेक्टरला, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राला, दिसतच नाही.

आता मोजतात कसं, तर एलएचसीवरच्या अ‍ॅलिस प्रयोगात चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग किती वळला यावरून संवेग (मोमेंटम) काढतात आणि मग टकरीच्या जागेपासून साधारण ३.७ मीटरवरच्या डिटेक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते १०० पिकोसेकंदांहून (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) बारीक बघतात. त्यावरून कण कुठला ते कळतं, कारण तेवढ्याच संवेगाचा केऑन (आणखी एक मेसॉन) जड, म्हणून पायॉनपेक्षा जरा उशिरा पोचतो. फार वेगात असले की दोघं जवळपास एकदमच येतात, तिथे ही ट्रिक चालत नाही.