आधी ॲव्हरेज, मग रंग : सोलापूरच्या गाडीखरेदीची पार्श्वभूमी

सीएनजी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांकडे सोलापूरकर वळतोय तो पर्यावरणाच्या कळवळ्याने, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा इथला पहिला प्रश्न; रंग, सीट कव्हर सगळं त्यानंतर. हा हिशेब जुनाच आहे. त्यातले आकडे मात्र दरवेळी दिल्लीतून बदलले.

अँबॅसिडर-फियाटच्या जमान्यात नंबर लावायचा आणि मिळेल ती गाडी घ्यायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हलकी, लहान इंजिनाची गाडी पेट्रोल वाचवते हे मध्यमवर्गाला खिशातून कळलं.

खरी उलथापालथ डिझेलने केली. ट्रक आणि शेतीसाठी सरकार डिझेल स्वस्त ठेवायचं, त्याचा लाभ मोटारवाल्यांनी उचलला. १९९८ च्या अखेरीस आलेली डिझेल इंडिका भाड्याने गाडी चालवणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात दोन्हींतला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेला. पुण्याला वरचेवर जाणारा व्यापारी मग गाडी महाग पडली तरी डिझेलच घ्यायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले आणि फरक कमी होत गेला. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरचे कडक निकष, म्हणजे बीएस-६, लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्यांत बसवणं परवडेना, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं.

मोकळ्या झालेल्या जागेत सीएनजी शिरला. गॅसवर गाडी चालवणं मात्र नवं नव्हतं. घरगुती सिलिंडर लपवून पळणाऱ्या मारुती व्हॅन जुन्या लोकांना आठवत असतील. बेकायदा, धोक्याच्या, पण स्वस्त. आता टाकी कंपनीच बसवून देते. डिकी जाते, बॅगा मांडीवर येतात, तक्रार कोणी फारशी करत नाही.

पुणे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी तेहतीस लिटर पिते, किलोला पंचवीस देणाऱ्या सीएनजी गाडीला वीस किलो गॅस पुरतो. युनिटला सात किलोमीटर जाणारी इलेक्ट्रिक गाडी सत्तरेक युनिटांत हे अंतर कापते. घरच्या मीटरवर चार्ज केली तर तिच्याशी कोणाची बरोबरी नाही.

अडचण वाटेत आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमधलं अंतर, ३१२ किलोमीटर. एसी लावून हायवेवर पळवली की ती बरीच खाली येते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात एसी बंद ठेवायला कोणी धजावत नाही. म्हणजे पुण्याला जाताना टेंभुर्णी-भिगवणच्या पट्ट्यात थांबणं आलंच. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही देवदर्शनं मात्र एका चार्जमध्ये आरामात होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, २०२१ मध्ये राज्याचं नवं ईव्ही धोरण आलं. (‘धूर नाही’ म्हणणाऱ्याने सोलापूरजवळचं एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं वीजकेंद्र कोळशावर चालतं हेही ध्यानात ठेवावं.)

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या, उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलची गोष्ट तर घरचीच. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणापासून सुरुवात झाली, २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, २०२५ मध्ये वीस. उसाच्या या जिल्ह्यात कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या मोटारींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. ऊसबिलाची वाट पाहणारा आणि पंपावर ॲव्हरेजवरून कुरकुरणारा, जिल्ह्यात अनेकदा एकच माणूस असतो.