बडोद्यात पीएचडी थिसिस जमा करताना: रिसर्च ऑफिसचं काय, लायब्ररीचं काय

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची आपली बरीच मराठी मुलं-मुली एमएस युनिव्हर्सिटीत पीएचडी करतात आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच, थिसिस लिहून झाला, आता रिसर्च ऑफिसला फाईल दिली की सुटलो ना? नाही हो. पात्रता रिसर्च ऑफिस बघतं, पण सिमिलॅरिटी रिपोर्ट (थिसिसमधला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारा) आणि शोधगंगा (थिसिस ऑनलाईन ठेवायची जागा) ही कामं साधारणपणे लायब्ररीची असतात, म्हणून युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत शेवटच्या आठवड्यात धावत जाण्यापेक्षा चॅप्टर लिहितानाच जाऊन बसा.

पात्रता पटकन सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिशनपासून किमान ३ वर्षं, कोर्सवर्क पास, आणि जमा करण्याआधी रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर प्रेझेंटेशन. कमाल ६ वर्षं, री-रजिस्ट्रेशन करून आणखी २, बायकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून २. पेपर छापलेला असणं यूजीसीने आता सक्तीचं ठेवलेलं नाही, तरी आपल्या फॅकल्टीचं सर्क्युलर बघाच.

कागद म्हणजे रजिस्ट्रेशन लेटर, कोर्सवर्कचं सर्टिफिकेट, गाईडचं सर्टिफिकेट, थिसिस सॉफ्टवेअरमधून तपासलाय आणि काम माझंच आहे असं तुमचं अंडरटेकिंग, आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट. फी आणि प्रतींची संख्या रिसर्च ऑफिसला विचारा, सीनियरला नको, त्याच्या वेळचं वेगळं असतं.

आता रिपोर्ट, इथेच सगळे घाबरतात. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर काही शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सुधारून ६ महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष जमाच करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. पण रेफरन्सेस, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं हे मोजायचं नसतं, सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोगाने जुळलेला मजकूरही नाही. तेव्हा आकडा मोठा दिसला की रडायच्या आधी लायब्ररीवाल्यांना विचारा की हे सगळं वगळलंय का, बऱ्याचदा अर्धी भीती तिथेच जाते.

मराठीत थिसिस लिहिणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. टायपिस्टने जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड) नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलं असेल तर आपल्याला स्क्रीनवर देवनागरी दिसते पण आत कॉम्प्युटरसाठी भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर काही जुळवू शकत नाही आणि शून्य टक्के आलं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, त्या रिपोर्टला किंमतच नाही! वर पीडीएफमध्ये कोणी मराठीत शब्द शोधला तर तोही सापडत नाही. पहिल्या चॅप्टरपासून युनिकोडच धरा, चारशे पानं नंतर कन्व्हर्ट करून जोडाक्षरं तपासत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाल्यावरही एक काम उरतं, डिग्री जाहीर होण्याआधी थिसिसची सॉफ्ट कॉपी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे त्यांच्या शोधगंगावर जायला लागते. त्यासाठी टायटल, सुरुवातीची पानं, प्रत्येक चॅप्टर अशा वेगवेगळ्या पीडीएफ लागतात, स्कॅन केलेल्या नकोत, वर्डमधून थेट केलेल्या द्या, आणि थिसिस ऑनलाईन ठेवायला तुमची सही केलेली संमती. पेटंट करायचं असेल किंवा प्रकाशकाशी पुस्तकाचं बोलणं चालू असेल तर सही करायच्या आधी गाईडना, रिसर्च ऑफिसला आणि लायब्ररीला, तिघांनाही लेखी कळवा, कारण एकदा थिसिस सगळ्यांना खुला झाला की मग तो मागे घ्यायला सांगणं फार जड जातं.