लेकराला कॅन्सर सांगितलाय? सोलापूरच्या कुटुंबांसाठी उपचाराच्या मदतीचे अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

माझ्या चुलत भावाच्या पोराला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा पोरगं चार वर्षांचं होतं, आणि त्याचं नाव रेशनकार्डावर नव्हतं. एवढ्या एका गोष्टीत आमचे नऊ दिवस गेले. म्हणून उपचाराच्या मदतीच्या योजनांची नावं नंतर सांगतो, आधी उठा, रेशनकार्ड काढा आणि लेकराचं नाव चढवलंय का बघा. बऱ्याच घरात थोरल्याचं असतं आणि धाकट्याचं शाळेत घालताना बघू म्हणून राहून जातं.

नसेल तर शहरातल्या लोकांनी अन्नधान्य वितरण कार्यालयात आपलं जे परिमंडळ असेल तिथं जायचं, तालुक्यातल्यांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत. जन्मदाखला, लेकराचं आधार, आईवडिलांचं आधार आणि मूळ रेशनकार्ड. सोबत डॉक्टरचं पत्र नाहीतर बोन मॅरोचा, बायोप्सीचा जो रिपोर्ट असेल त्याची झेरॉक्स लावा आणि साहेबांना सरळ सांगा की उपचार यासाठी अडलाय, आमचं काम रिपोर्ट दाखवल्यावरच हललं. नाव चढवलं म्हणाले की लगेच घरी येऊ नका, रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर टाकल्यावर ऑनलाइन नाव दिसतंय का ते तिथंच बघून घ्या, कारण हॉस्पिटलमधे ऑनलाइनच बघतात.

दुसरी अडचण स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, रेशनवर तिसरंच, आडनावात एखादं अक्षर जास्त. आपल्याला वाटतं एवढ्यानं काय होतंय, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी मुलं वाटतात. आणि लेकरू पाच वर्षांच्या वर असेल आणि आधार लहानपणीचं निळंच असेल तर त्यावर बोटांचे ठसे नसतात, आधार केंद्रात जाऊन अपडेट करून घ्या. पाचव्या वर्षी एकदा आणि पंधराव्या वर्षी एकदा ते करावंच लागतं. केमो सुरू झाल्यावर लेकराला गर्दीत रांगेत उभं करता येत नाही, म्हणून ठसे द्यायचं काम आधी उरका.

आता मुख्य योजना, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ही आपल्याकडं जुनी आहे, २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या आठ जिल्ह्यात सुरू झाली त्यात सोलापूर होतं. तेव्हा पिवळं नाहीतर केशरी कार्ड लागायचं आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, त्यामुळे आजही सोलापूरच्या पूर्वभागात कुणालाही विचारा, केशरी कार्ड पाहिजे आणि दीड लाख मिळतात असंच सांगतील. ते आता जुनं झालं. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. आपलं पांढरं कार्ड आहे म्हणून विचारायलाच न गेलेली घरं मी बघितलीत, कृपा करून असं करू नका.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. तिथं रेशनकार्ड, लेकराचं आधार किंवा जन्मदाखला आणि रिपोर्ट द्यायचे, नोंदणी होते, मग डॉक्टर उपचाराचा प्लॅन पाठवतात आणि वरून मंजुरी येते. मंजुरी आली की त्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत, ॲडमिट असताना पेशंटचं जेवण आणि डिस्चार्जच्या वेळी घरी परतायचं भाडंसुद्धा योजनेत बसतं, हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारायचं. केमोची मंजुरी एकदाच मिळून संपत नाही, प्रत्येक सायकलला म्हणजे डोसाच्या प्रत्येक फेरीला वेगळी लागते, म्हणून प्रत्येक वेळी मूळ कागद बरोबर न्या. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचा उपचार बऱ्याचदा दोन-अडीच वर्षं चालतो आणि ५ लाखाची मर्यादा एका वर्षाची असते, ती सुद्धा सगळ्या घराची मिळून, म्हणजे आजोबांचं ऑपरेशन त्यातूनच झालं असेल तर तेवढे कमी. मधून मधून किती शिल्लक आहे ते आरोग्यमित्राला विचारत रहा.

अजून एक, हॉस्पिटल योजनेत आहे याचा अर्थ तिथं लहान मुलांचा कॅन्सर योजनेतून होतो असा नाही. हाडाला मंजुरी असेल, हृदयाला असेल आणि कॅन्सरला नसेल. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावून आजाराचं नाव सांगून विचारा. जवळचं म्हणाल तर सोलापुरात सिव्हिल म्हणजे सरकारी हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की लेकराच्या बाबतीत पहिला प्लॅन तरी लहान मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग असलेल्या ठिकाणी ठरवून घ्यावा, मग पुढचे डोस किंवा रक्त तपासण्या जवळ करता येतात का ते त्याच डॉक्टरांना विचारावं.

मुंबईला टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तर फाईल काढताना जनरल का प्रायव्हेट विचारतात. आम्ही घाबरून प्रायव्हेट म्हणणार होतो, लेकराला लवकर बघतील म्हणून, मागच्या रांगेतल्या एका बाईनं दंडाला धरून थांबवलं. जनरल म्हणा. डॉक्टरांची टीम तीच असते, खर्चात मात्र फार फरक पडतो. फाईल निघाली की त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करना भेटा. टाटात लहान मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, पैशाची सोय, राहणं, पोषण, लेकराची शाळा, आईबापाशी बोलणं हे सगळं ते बघतात. सेंट ज्यूडची मोफत राहायची केंद्रं आहेत तिथं आईवडील लेकराबरोबर राहू शकतात, पण थेट जाऊन खोली मिळत नाही, हॉस्पिटलमधूनच पाठवावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे पण विचारून ठेवा. त्यासाठी हॉस्पिटलचं पत्र, फाईल नंबर आणि सगळ्यांचे आधार जवळ पाहिजेत.

योजनेत न बसणारा खर्च निघाला तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात कारण आधी उसनेपासने करून बिल भरतात आणि मग अर्ज करतात. भरलेल्या बिलाचे पैसे यातून परत मिळत नाहीत, मंजूर रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यावर जाते, म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच गेला पाहिजे. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजाराच्या आत असल्याचा तहसीलदाराचा चालू वर्षाचा दाखला, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार आणि ॲडमिट असलेल्या लेकराचा जिओ टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, लागतो. खाजगी हॉस्पिटल असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही पाहिजे. हॉस्पिटल या निधीच्या यादीत आहे ना हे पण आधी बघा. मुंबईला मंत्रालयात चकरा मारायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात याचा कक्ष आहे. पण फुले योजनेत बसणारा उपचार आधी तिथूनच करा म्हणतात, त्यामुळे तिकडून नकार असेल तर तो लेखी घ्या.

उत्पन्नाचा दाखला अजून एका ठिकाणी कामाला येतो. ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात, निर्धनला उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बलला ३ लाख ६० हजार. काउंटरवर खाटा भरल्यात म्हणाले तर हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि नाहीच झालं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. दाखला काढताना आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, मग सेतू नाहीतर महा ई-सेवा केंद्र, दोन-तीन प्रती काढूनच ठेवा.

आपल्या सोलापूरचं म्हणून वेगळं सांगतो. घरात आई किंवा आजी विड्या वळते आणि तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल, कुंभारीच्या गोदूताई घरकुलात तर घरोघरी असतंय, तर कामगार कल्याणच्या विडी दवाखान्यात जाऊन विचारा. कार्डधारकावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या कॅन्सर उपचारालाही त्यात मदतीची तरतूद आहे आणि इथं मूळ बिलं लागतात, म्हणून एकही बिल फेकू नका. बाप कारखान्यात असेल आणि पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विमा कापत असतील तर त्या विम्यात बायकामुलं धरलेली असतात, कार्ड घेऊन कामगार विमा दवाखान्यात जा आणि मोठ्या हॉस्पिटलसाठी रेफर लेटर मागा.

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीला १०० टक्के सूट आहे, बरोबरच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म डॉक्टरच्या सही-शिक्क्यानं घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर द्यायचा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापुरातून निघून सकाळी मुंबईला पोचते, ओपीडीला बरी पडते. पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी ओपीडीतच सही मागा, नंतर फक्त सहीसाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते, आमची एक फेरी अशीच गेली.

हे सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमधे, मूळ एका बाजूला आणि झेरॉक्सचे पाच संच दुसऱ्या बाजूला, आणि ती फाईल कपाटात ठेवू नका, दाराजवळ खुंटीला अडकवा. केमो चालू असताना लेकराला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी तासाभरात दवाखाना गाठावा लागतो, घरी पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट बघायची नाही. अशा वेळी इमर्जन्सीत फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात, आरोग्यमित्राला तसं बोलून दाखवा. भावाच्या घरी अशा चार रात्री झाल्या, चौथ्या वेळी वहिनीनं लेकराला उचललं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं कुणी न सांगता खुंटीवरची फाईल काढून रिक्षात ठेवली.