गोगलगाईचं तोंड डावीकडे आहे का?

वर्धा, नागपूर, यवतमाळ या भागांत शेताच्या बांधावर किंवा विहीर खणताना निघालेल्या दगडांत कधी कधी पांढरट-राखाडी, टणक तुकडा हाती लागतो आणि त्यात गोगलगाईंची वेटोळी खच्चून भरलेली असतात. लगेच फोटो निघतो, व्हॉट्सॲपवर जातो आणि प्रश्न येतो : हा कसला शंख? उत्तर देणारेही लगेच आकाराकडे बघून नावं सुचवायला लागतात. माझ्या मते आकाराचा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की दगड कोणता आहे आणि तो नेमका कुठे पडला होता?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा. तो लाव्हा थंड होऊन बनलेला, त्यामुळे त्याच्या पोटात शंख-शिंपले मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. पण हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक प्रवाह आला, थिजला, मग कधी कधी बराच काळ काही आलंच नाही. त्या उसंतीत खोलगट जागी पाणी साचलं, तळी झाली, गाळ बसला, वनस्पती आणि प्राणी आले. मग पुढच्या प्रवाहाने सगळं झाकून टाकलं. दोन प्रवाहांच्या मध्ये अडकलेल्या या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात; ट्रॅप म्हणजे हे लाव्हाचे एकावर एक थर. बरेचदा ते जेमतेम काही फूट जाडीचे असतात. नागपूर-वर्ध्यापासून छिंदवाडा-मंडल्यापर्यंत, म्हणजे ट्रॅपच्या पूर्वेकडच्या कडेला, ते जागोजागी सापडतात. सह्याद्रीत लाव्हाची जाडी प्रचंड, पण असे थर फार कमी. घाटात ट्रेकला जाऊन जीवाश्म शोधणाऱ्यांच्या पदरी निराशा पडते ती यामुळे. मुंबईत वरळीच्या थरातून बेडकांचे सुंदर सांगाडे मिळाले आहेत, पण ती अपवादाची गोष्ट.

आता हातातला तुकडा खरोखर जीवाश्म आहे का? वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे जायफळ-सुपारीसारखे गोल दगड मिळतात, आणि ते शापाने दगड झालेल्या व्यापाऱ्याच्या मालाचे आहेत अशी आख्यायिका सांगतात. खरं तर लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइटची खनिजं भरून ते तयार झालेत. गोष्ट झकास आहे, पण ते जीवाश्म नव्हेत. उलट टोकाची फसगत काळ्या मातीत होते. तिथे आजच्या गोगलगाईंची रिकामी, उन्हाने पांढरी पडलेली कवचं सर्रास मिळतात. ती हलकी आणि ठिसूळ असतात, आत माती असली तर ती पाण्याने धुऊन निघते.

अंतरा-ट्रॅपी थरांत अनेकदा मूळ चुन्याच्या कवचाची जागा सिलिकाने, म्हणजे गारगोटीच्या द्रव्याने, घेतलेली असते. बसाल्ट कुजताना सुटलेली सिलिका पाण्यातून तळ्यात आली आणि गाळासकट कवचांचीही गारगोटीसारखी चर्ट झाली. ओळखायला सोपं आहे. चाकूने ओरखडा काढा. चुन्याच्या खनिजाची, कॅल्साइटची, कठीणता 3, चाकूच्या पोलादाची साधारण साडेपाच, सिलिकेची 7. ओरखडा उठला तर चुना, आणि दगडावर चाकूचीच चकचकीत रेघ उमटली तर सिलिका. किंचित भुगा करून त्यावर व्हिनेगर टाकलं तर चुना बारीक फेसाळतो, सिलिका ढिम्म राहते. फक्त शेतातले चुनखडीचे खडेही फेसाळतात, तेव्हा नुसत्या फेसावरून जीवाश्म ठरवू नका.

एवढं झालं की मग शंख. टोक वर आणि तोंड आपल्याकडे, असा तो धरायचा. तोंड उजवीकडे आलं तर उजवं वेटोळं, डावीकडे आलं तर डावं. गोगलगाईंच्या बहुतेक जाती उजव्या असतात, म्हणून डावा नमुना मिळाला की निम्मं काम झालं. इथे मराठी माणसाचा घोळ होण्याची दाट शक्यता आहे. देवघरात शंख निमुळती पन्हळ वर धरून बघतात, म्हणजे विज्ञानाच्या पद्धतीच्या बरोबर उलटा. त्यामुळे पूजेतला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख शास्त्रज्ञांच्या हिशेबी डावा ठरतो. आणखी एक : सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. मग उजवा शंख डावा होऊन बसतो आणि पुढची सगळी ओळख चुकते. मागच्या कॅमेऱ्याने, शेजारी नाणं ठेवून काढा.

विदर्भातल्या थरात डावा, फुगीर पोटाचा, आखूड टोकाचा, लांबट तोंडाचा शंख दिसला तर फायसा प्रिन्सेपी या गोगलगाईच्या जातीचा संशय घ्यायला हरकत नाही. आज आपल्या डबक्यांत दिसणाऱ्या फायसापेक्षा तो बराच मोठा असतो. त्याच दगडात उजव्या वेटोळ्याचे सोबतीही असतात : उंच, सडपातळ टोकाचा लिम्निया आणि गोलमटोल विविपॅरस, ज्याला जुन्या लिखाणात पॅलुडिना म्हणत. दोन झडपांचा लांबट शिंपला असेल तर युनिओ. हे सगळे गोड्या पाण्यातले. याउलट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या थरांत समुद्राशी नातं असलेले शंख-शिंपले मिळतात, कारण तिथे लाव्हा किनाऱ्यापाशी पोचला होता. गाव कळलं नाही तर नाव सांगू नये, ते यासाठीच.

सगळ्यात त्रास देतात ते आतले ठसे. कवच विरघळून गेलेलं असतं आणि आत भरलेला गाळ तेवढा दगड होऊन उरतो. साचा नाहीसा व्हावा आणि मोदक राहावा तसा. वेटोळं कळतं, पण कवचावरच्या रेघा आणि तोंडाची कड गेलेली असते. अशा वेळी ‘फायसासारखा’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं.

फायसा प्रिन्सेपीला हे नाव मिळालं 1840 मध्ये. मद्रासकडचे डॉक्टर माल्कमसन यांनी ट्रॅपच्या पूर्व भागातून गोळा केलेल्या जीवाश्मांचं वर्णन इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ सॉवर्बी यांनी केलं. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळी आणि सीताबर्डीची टेकडी पिंजून काढली. 1860 मध्ये हिस्लॉप यांनी आणखी बऱ्याच जातींची वर्णनं छापली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. नंतर फायसाला बुलिनस या गटात टाकण्याचेही प्रयत्न झाले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत हा एकच प्राणी दोन नावांनी भेटतो.

हिस्लॉप यांनी हे थर टर्शरी, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे मानले होते. 1934 मध्ये वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हीच बाजू लढवली. आज बसाल्टच्या किरणोत्सारी कालमापनावरून लाव्हाचा मुख्य भर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोरांच्या अस्ताच्या आगेमागेचा ठरतो. म्हणजे काही थर त्या अस्ताच्या आधीचे, तर काही नंतरचे. फायसा मात्र त्यांतला कोणता हे सांगत नाही; लाव्हाच्या खालच्या, डायनासोरांची अंडी देणाऱ्या लॅमेटा थरांतूनही त्याची नोंद आहे. थराचं वय ठरतं ते वरच्या-खालच्या बसाल्टवरून आणि गाळातल्या परागकणांवरून. म्हणून फोटो पाठवताना शंखाच्या आधी त्या जागेचा एक फोटो काढा, ज्यात पांढरा थर आणि त्याच्या वर-खाली काळा दगड दिसेल.