डेव्हिस, सर टॉमस

(११ जून १९१७ – २३ जुलै २००७). कुक बेटांचे पंतप्रधान, डॉक्टर आणि थंडीचा मानवी शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे संशोधक. ‘टॉम डेव्हिस’ याच नावाने अधिक परिचित. जन्म पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशियात, कुक बेटांपैकी रारोटोंगा बेटावर. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन १९४५ मध्ये ते बेटांवर वैद्यकीय अधिकारी म्हणून परतले. १९५२ मध्ये पत्नी व मुलांसह ‘मिरू’ या लहानशा शिडाच्या नौकेने न्यूझीलंडहून पेरूमार्गे बोस्टन गाठले. हार्वर्डमध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करायचा होता!

पुढची जवळजवळ दोन दशके अमेरिकेत गेली. अलास्कातील फेअरबँक्स, केंटकीतील फोर्ट नॉक्स आणि मॅसॅच्युसेट्समधील नेटिक येथील लष्करी संशोधन संस्थांत त्यांनी काम केले. उष्ण कटिबंधातल्या या माणसाचा विषय होता थंडी. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उघड्या अंगाच्या पुरुषांना सुमारे १२° से. तापमानाच्या खोलीत रोज ८ तास, असे ३१ दिवस बसवले होते. त्यांची हुडहुडी स्नायूंतील विद्युत्‌हालचालीवरून आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता ऑक्सिजनच्या वापरावरून मोजली. दिवसांगणिक हुडहुडी कमी झाली, पण उष्णतानिर्मिती त्या प्रमाणात घटली नाही. म्हणजे स्नायू न थरथरताही शरीर ऊब निर्माण करत होते. ती नेमकी कोठून येते, हे या मोजमापांतून कळण्यासारखे नव्हते. शिवाय हुडहुडी थोडी जरी मोजायची राहिली, तरी निष्कर्ष डळमळतो. प्रौढांच्या शरीरात सक्रिय तपकिरी चरबी (जळून ऊब निर्माण करणारी चरबी) असते, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले आणि हा जुना प्रयोग पुन्हा उद्धृत होऊ लागला.

१९७१ मध्ये मायदेशी परतून त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. बेटे १९६५ पासून स्वशासित होती, मात्र नागरिकत्व न्यूझीलंडचेच राहिले. त्यामुळे मोठा मतदारवर्ग तिकडे स्थायिक झालेला आणि मत द्यायचे तर विमानाने बेटावर यावे लागे. मार्च १९७८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आल्बर्ट हेन्री यांच्या पक्षाने आपल्या मतदारांना फुकट आणले. त्याचा खर्च टपालतिकिटांच्या विक्रीवर उचललेल्या सरकारी पैशातून भागवला. डेव्हिस यांच्या पक्षानेही विमाने ठरवली होती, पण न्यायालयाच्या दृष्टीने खरा दोष सरकारी पैसा मतदारांच्या तिकिटांवर उधळण्याचा होता. ती मते बाद होताच जुलै १९७८ मध्ये डेव्हिस सत्तेवर आले. मतपेटीऐवजी निकालपत्राने झालेला हा सत्तापालट राष्ट्रकुलात विरळाच म्हणावा लागेल.

१९८१ मध्ये ‘प्रीमियर’ या पदाला ‘पंतप्रधान’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताबही लाभला. परदेशी कंपन्यांना नोंदणीची सोय देणारा कायदा त्यांच्याच काळातला. बेटांना त्यातून उत्पन्नाबरोबर पुढे करचुकवेगिरीचे आश्रयस्थान म्हणून बदनामीही मिळाली. मार्च १९८३ मध्ये ते स्वतःच्या मतदारसंघातही पडले, पण नव्या सरकारचे बहुमत टिकले नाही आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीने त्यांना परत आणले. एवढ्या लहान संसदेत एकदोन सदस्य फुटले तरी मंत्रिमंडळ कोसळते, हे त्या वर्षीचे गणित. दक्षिण पॅसिफिक अण्वस्त्रमुक्त करण्याचा करार ऑगस्ट १९८५ मध्ये रारोटोंगातच झाला. बेटांच्या संरक्षणाची जबाबदारी न्यूझीलंडकडे होती; न्यूझीलंड व अमेरिका यांच्यातील संरक्षणसंबंध बिघडल्यावर जानेवारी १९८६ मध्ये डेव्हिस यांनी बेटे तटस्थ जाहीर केली. जुलै १९८७ मध्ये अविश्वास ठरावाने त्यांचे पद गेले. त्यांच्या जागी आलेले पुपुके रोबाटी हेही डॉक्टरच.

त्यानंतर त्यांनी पारंपरिक जुळ्या होड्यांच्या ‘वाका’ नौका बांधण्याकडे लक्ष वळवले. रारोटोंगात १९९२ मध्ये भरलेल्या पॅसिफिक कला महोत्सवासाठी ‘ताकितुमू’ ही नौका तयार झाली. पुढे ते न्यूझीलंडमध्ये कुक बेटांचे उच्चायुक्त होते.