दुखऱ्या खांद्याने छातीचा व्यायाम : मशीन की डंबेल?

खांदा दुखतो म्हटलं की जिममध्ये पहिला सल्ला मिळतो, ‘रॉड सोड, मशीनवर कर.’ कोथरूड असो की हडपसर, हे वाक्य सगळीकडे तेच असतं आणि ते निम्मंच खरं आहे. मशीन वजनाचा तोल सांभाळण्याचं काम तुमच्याकडून काढून घेतं, पण हात कोणत्या वाटेने पुढे-मागे जाणार हेही तेच ठरवतं. ती वाट तुमच्या खांद्याला मानवली तर उत्तम. नाही मानवली, तर प्रत्येक रेपला (म्हणजे एकेका आवर्तनाला) तीच चुकीची हालचाल, तीही वजनासकट. डंबेलची वाट तुम्ही निवडता आणि तोलही तुम्हालाच सांभाळावा लागतो. म्हणून दोन्हींतलं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी खांदा नेमका कुठे आणि केव्हा दुखतो ते पाहायला हवं.

वजन खाली आणताना कोपर पाठीच्या रेषेच्या मागे गेलं की खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्या स्थितीत दंडाच्या हाडाचं डोकं पुढे ढकललं जातं, सांध्याचं पुढचं आवरण ताणलं जातं आणि बायसेप्सचं वरचं टेंडनही त्यात रगडलं जातं. इथे वजनापेक्षा खोली, म्हणजे हात किती खाली जातो ते, जास्त त्रास देते. दुसरा प्रकार : खांद्याच्या अगदी माथ्यावर, कॉलरबोन जिथे संपते तिथे बोट दाबलं की दुखतं आणि हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेताना वाढतं. वर्षानुवर्षं जड बेंच प्रेस (बाकावर झोपून रॉड ढकलणं) आणि डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) मारणाऱ्यांत हा सांधा कुरकुरतो. तिसऱ्यात हात बाजूने वर उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखतं, त्याच्या खाली आणि वर बरं वाटतं. यात बहुतेक वेळा रोटेटर कफची (खांदा जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंची) टेंडन आणि त्यांच्यावरची घर्षण कमी करणारी पिशवी दुखावलेली असते. कोपरं फाकवली नाहीत तर असे लोक छातीचे प्रेस बऱ्यापैकी करू शकतात.

आणि एक प्रकार असा, की कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळतच नाही, दुसऱ्याने वळवला तरी नाही. चाळिशी-पन्नाशीत, त्यातून मधुमेह असेल तर, फ्रोझन शोल्डरची शंका घ्यावी आणि मशीन-डंबेलचा वाद बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, खांदा निखळल्यासारखा वाटत असेल किंवा हाताला बधिरता असेल तरी तेच. डाव्या खांद्यात-दंडात श्रमाने येणारं दुखणं, सोबत छातीवर दाब, घाम, धाप असेल तर तो खांद्याचा प्रश्न समजू नका. व्यायाम तिथेच थांबवा आणि १०८ला फोन करा.

मशीनवर काय बिघडतं

चेस्ट प्रेसच्या मशीनवर बहुतेक जण फक्त वजनाची पिन बदलतात, सीटला हात लावत नाहीत. सीट खाली राहिली की हँडल खांद्याच्या उंचीला येतं, कोपरं वर फाकतात आणि सगळा ताण खांद्यावर जातो. हँडल स्तनाग्रांच्या रेषेत किंवा त्याहून दोन बोटं खाली आलं पाहिजे. तोवर सीट वर घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुष्कळ मशीनमध्ये हँडल छातीच्या मागून सुरू होतं, म्हणजे पहिलाच रेप खांदा पूर्ण ताणलेल्या अवस्थेत, पूर्ण वजनावर, थांबलेल्या स्थितीतून ढकलायचा. दुखऱ्या खांद्यासाठी याहून वाईट सुरुवात नाही. काही मशीनला पायाने दाबायचा लिव्हर असतो, त्याने हँडल पुढे आणा आणि सेट संपल्यावरही पायानेच मागे सोडा. काहींना सुरुवातीची जागा ठरवणारी वेगळी पिन असते, ती दोन खाचा पुढे घ्या. दोन्ही नसेल तर पहिल्या रेपला जोडीदाराला हँडल पुढे आणून द्यायला सांगा आणि खाली येताना कोपर अंगाच्या रेषेत आलं की थांबा. पाठीमागे उशी किंवा पॅड लावण्याची सवय इथे उलटी पडते : अंग पुढे सरकतं, हँडल आणखी मागे राहतं आणि ताण वाढतो.

हँडलच्या दोन जोड्या असतील तर तळवे समोरासमोर येतील ती धरा. दोन्ही बाजूंचे हात एकाच दांड्याला जोडलेले असतील तर चांगला हात दुखऱ्याचं काम गुपचूप करून टाकतो. पहिल्या आठवड्यांत ही सोय वाटते, पण पुढे खरी ताकद किती आली ते कळत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालणारं मशीन मिळालं तर ते घ्या. स्टॅकवरचे (मशीनच्या प्लेटांच्या थप्पीवरचे) ४० म्हणजे हातात ४० किलो, असंही समजू नका. लिव्हर आणि पुलीप्रमाणे तो आकडा मशीनगणिक बदलतो, त्यामुळे जिम बदलली की नव्याने मोजायचं.

मशीन म्हटलं की सगळी मशीन सारखी नसतात. पेक डेक (फाकवलेले हात छातीसमोर जवळ आणायचं मशीन), त्यातही कोपरं गादीवर टेकवून पंजे वर ठेवायचा जुना प्रकार, खांद्याच्या पुढच्या भागाला प्रेसपेक्षाही जास्त ताणतो. दुखणं आहे तोवर तो सोडावा. स्मिथ मशीन, म्हणजे उभ्या खांबांत अडकवलेला रॉड, दिसायला रॉड, वागायला मशीन. मोकळा रॉड छातीच्या खालच्या भागापासून वर जाताना थोडा खांद्याकडे झुकतो, स्मिथचा सरळ रेषेतच जातो. बेंच थोडा जरी चुकीच्या जागी लागला तरी सगळा सेट चुकतो.

डंबेलवर काय बिघडतं

प्रेस करताना फारसं नाही, त्याच्या आधी आणि नंतर बिघडतं. जमिनीवरचे डंबेल लांब हाताने उचलून बेंचवर आडवं होताना, आणि सेट संपल्यावर हात फाकवून ते बाजूला टाकताना खांद्याला झटका बसतो. डंबेल मांडीवर उभे ठेवा, गुडघ्याच्या ठोक्याने वर आणत मागे झोपा. संपल्यावर तळवे समोरासमोर करून डंबेल छातीजवळ आणा, गुडघे वर घेऊन मांड्यांवर टेकवा आणि झोका घेत उठा.

पुढच्या बाजूच्या दुखण्यासाठी आमची पहिली पसंती फ्लोअर प्रेसला. सतरंजीवर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, तळवे समोरासमोर, कोपरं बरगड्यांपासून ३० ते ४५ अंशांवर. ३ सेकंदांत खाली या, कोपर जमिनीला हलकेच टेकलं की १ सेकंद थांबा, मग वर. जमीन कोपराला अंगाच्या मागे जाऊच देत नाही, म्हणजे खोलीचा प्रश्न आपोआप मिटतो. नेहमीच्या डंबेलच्या निम्म्या वजनाने सुरू करा, १० ते १२ रेपचे ३ सेट, प्रत्येक सेट दोन-तीन रेप शिल्लक असतानाच थांबवा.

डंबेलची खरी अडचण वजन वाढवताना येते. १० किलोवरून पुढचा डंबेल १२.५ चा असतो, म्हणजे एकदम २५ टक्के वाढ. आधी १० किलोवरच १५ रेपपर्यंत जा आणि मग बदला. या बाबतीत मशीन सरस आहे, त्यात छोटी जादा प्लेट लावून थोडं थोडं वाढवता येतं.

मग कोणी काय निवडावं? कोपर मागे गेल्यावर दुखतं आणि मशीनची सुरुवात पुढे आणता येत नाही : डंबेल, तोही जमिनीवर. डंबेल वर धरल्यावर हात थरथरतो, वजन उचलून जागेवर नेणंच जमत नाही : नीट जुळवलेलं मशीन. माथ्यावरचा सांधा दुखतो : दोन्ही चालतील, पण कमी खोलीने आणि फ्लाय (हात फाकवून जवळ आणायचा व्यायाम) व डिप्स सोडून. मशीनवर दोन महिने गेले तर छाती उतरेल ही भीती नको. सारख्या कष्टाने केलं तर स्नायू वाढण्यात दोन्हींत फारसा फरक पडत नाही, मात्र रॉडवरची ताकद रॉडवरच परत मिळवावी लागते.

तिसऱ्या प्रकारच्या दुखण्यात दोन्हींपेक्षा जोर बरे पडतात. बेंचवर पाठीचे फरे (खांद्यामागची चपटी हाडं) गादीवर दाबलेले असतात, जोर मारताना ते बरगड्यांवरून मोकळे सरकतात. पेठांमधल्या तालमींत मारतात तसे कमरेतून झोका घेणारे जोर नंतर, कारण तळाशी खांद्यावर बराच भार येतो. आधी सरळ अंगाचे, हात उंचावर टेकून. स्मिथ मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग हाच : रॉड कमरेच्या उंचीला अडकवा, त्यावर जोर मारा, आणि १५ रेप सहज जमले की एक खाच खाली या.

छातीच्या प्रत्येक सेटमागे पाठीचा एक तरी ओढण्याचा सेट हवाच. एका खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून हिंजवडीपर्यंत दुचाकी दामटणाऱ्यांनी दीड केला तरी चालेल. दुखणं ० ते १० मध्ये ३ पर्यंत राहत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल तर तोच व्यायाम पुढे चालू ठेवा. त्याहून जास्त दुखलं तर वजनाआधी खोली कमी करा.

महिना-दीड महिना असा गेल्यावर रॉडकडे परतायचं असेल तर छातीवर जाड टॉवेलची घडी ठेवून रॉड तिथपर्यंतच आणा आणि घडी आठवड्याला थोडी पातळ करत जा. पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीच्या आत, कोपरं ४५ ते ६० अंशांवर. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण लहान जिममधले बरेच रॉड त्याहून हलके असतात, म्हणून आधी काट्यावर तोलून घ्या. आणि रॅकवरून रॉड एकट्याने काढू नका : हात डोक्यामागे नेऊन उचलतानाच खांदा पुन्हा दुखावतो, तेवढं काम स्पॉट देणाऱ्याकडे, म्हणजे मदतीला उभ्या असलेल्या जोडीदाराकडे द्या.